टेंपलहोफच्या माळावरून : बर्लिनच्या फुटबॉल संघटनेची जडणघडण (१८८५ ते १९११)

बर्लिनची आजची फुटबॉल संघटना आपला जन्मदिवस ११ सप्टेंबर १८९७ हा मानते. या दिवशी शहरातल्या काही क्लबांनी एकत्र येऊन ‘जर्मन चेंडूखेळ क्लबांचा संघ’ स्थापन केला. नाव देशाचे होते, कारभार मात्र एका शहराचा. बर्लिनमध्ये फुटबॉलची साखळी सुरू होऊन तेव्हा सात वर्षे झाली होती. तोवर एक संघटना स्थापन होऊन बुडालीही होती आणि दुसरी अजून उभी होती. त्यामुळे या संस्थेचा इतिहास १८९७ पासून सांगायला घेतला तर निम्मी गोष्ट हातची निसटते. सुरुवात करायला हवी ती त्याआधीच्या दहाबारा वर्षांपासून, जेव्हा फुटबॉल खेळणाऱ्यांना मैदान नव्हते, पंच नव्हते आणि समाजात मानही नव्हता.

कवायतीच्या देशात

एकोणिसाव्या शतकातल्या जर्मनीत खेळ म्हणजे व्यायामशाळेतली शिस्तबद्ध कसरत. फ्रीडरिख लुडविग यान याने १८११ मध्ये बर्लिनच्या हाझेनहायडे भागात पहिले सार्वजनिक व्यायाम मैदान उघडले आणि तिथून ही चळवळ देशभर पसरली. दुहेरी दांड्या, आडवी दांडी, घोडा, एका हुकमावर हलणारी रांग, आणि या सगळ्यामागे राष्ट्रभक्तीची प्रेरणा. कोण जिंकले, कोण हरले याला त्यात फारसे महत्त्व नव्हते. एकमेकांवर मात करण्यासाठी खेळायचे ही कल्पनाच या मंडळींना परकी आणि काहीशी असभ्य वाटे.

अशा वातावरणात इंग्लंडहून आलेल्या खेळाकडे संशयाने पाहिले जाणे स्वाभाविक होते. पाय झाडत चेंडूमागे धावणे हे माणसाच्या शरीराला शोभत नाही, असा आक्षेप घेतला जाई. स्टुटगार्टचे व्यायामशिक्षक कार्ल प्लांक यांनी तर १८९८ मध्ये फुटबॉलला ‘इंग्रजी रोग’ ठरवणारी एक पुस्तिकाच छापली. म्हणजे बर्लिनमध्ये साखळी सामने नियमित होऊ लागल्यानंतरही हा विरोध मावळला नव्हता.

पण दुसरी बाजूही होती. ब्राउनश्वाइगमधले शिक्षक कोनराड कोख यांनी १८७४ मध्ये आपल्या शाळेतल्या मुलांच्या हाती चेंडू दिला आणि पुढच्याच वर्षी जर्मन भाषेतले नियम छापले. त्यांचा खेळ आजच्यापेक्षा रग्बीच्या जवळचा होता, तरी शाळेच्या कुंपणाआत फुटबॉलला पाय ठेवायला जागा मिळाली ती त्यांच्यामुळे. १८८२ मध्ये प्रशियाचे शिक्षणमंत्री गुस्टाव्ह फॉन गॉसलर यांनी शाळांनी मोकळ्या हवेतल्या खेळांना प्रोत्साहन द्यावे, असा आदेश काढला. बर्लिनचे पहिले क्लब उभे केले ते याच पिढीच्या मुलांनी. शहरही तेव्हा झपाट्याने वाढत होते. १८७१ मध्ये सव्वाआठ लाखांच्या घरात असलेली बर्लिनची वस्ती १९०० पर्यंत जवळजवळ एकोणीस लाखांवर गेली. कचेऱ्यांतले कारकून, दुकानांतले मदतनीस, शाळकरी पोरे, इंग्रज व्यापाऱ्यांची मुले असा नवा शहरी वर्ग तयार झाला होता, आणि रविवारच्या मोकळ्या वेळासाठी त्याला काहीतरी हवे होते.

माळ आणि पहिले क्लब

यानच्या व्यायाम मैदानाला लागूनच दक्षिणेला टेंपलहोफचा विस्तीर्ण माळ होता. ही जागा लष्कराची. वसंतात आणि शरदात सम्राटासमोर संचलन होई, एरवी पलटणींची कवायत चाले. सैन्याला गरज नसेल त्या दिवशी बर्लिनकर तिथे फिरायला, पतंग उडवायला, डबे घेऊन बसायला येत. याच मोकळ्या जागेत फुटबॉल खेळणाऱ्यांनी आपले गोलखांब रोवले. एका अर्थाने कवायतीच्या देशाने फुटबॉलला आपलेच कवायतीचे मैदान उसने दिले.

१८८५ मध्ये गेऑर्ग लॉय्क्स या कलावंताने इथे एक क्लब काढला. मूळचा फ्रँकफर्टचा असल्याने त्याने क्लबला ‘बी.एफ.सी. फ्रँकफर्ट’ असेच नाव दिले. या क्लबचा खेळ रग्बीच्या वळणाचा होता. तीन वर्षांनी, १५ एप्रिल १८८८ रोजी, पाउल येस्ट्राम याने आपले भाऊ आणि शाळासोबती यांना घेऊन ‘बी.एफ.सी. गेर्मानिया’ स्थापन केला. जर्मनीत आज अस्तित्वात असलेला सर्वांत जुना फुटबॉल क्लब तो हाच. पाठोपाठ १८८९ मध्ये विक्टोरिया आला. त्याच्या नावात फुटबॉलच्या आधी क्रिकेटला मान होता. उन्हाळ्यात क्रिकेट, हिवाळ्यात फुटबॉल असा तेव्हाच्या बऱ्याच क्लबांचा शिरस्ता होता.

क्रिकेट बर्लिनमध्ये का रुजले नाही, हा मराठी वाचकाच्या मनात येणारा प्रश्न. क्रिकेटला जपलेली खेळपट्टी लागते, भरपूर सामान लागते आणि अख्खा दिवस लागतो. पलटणींच्या बुटांनी तुडवलेल्या माळावर खेळपट्टी टिकणे कठीण, आणि आठवड्यातून एकच दिवस मोकळा असलेल्या कारकुनाकडे सबंध दिवस नसे. फुटबॉलला एक चेंडू आणि दीड तास पुरे. काही वर्षांतच क्रिकेट केवळ क्लबांच्या नावांत उरले.

त्या काळातले खेळाडू गोलखांब स्वतःच खांद्यावरून वाहून आणत आणि सामना संपला की परत नेत. आडव्या दांडीऐवजी कित्येकदा दोरी किंवा फीत ताणली जाई. क्लबचे कार्यालय म्हणजे एखाद्या खानावळीतले ठरावीक टेबल. सभा, निवडणूक, वर्गणी आणि भांडणे सगळे तिथेच. शाळकरी मुलांना क्लबात जायला अनेक ठिकाणी बंदी असल्याने काही जण खोट्या नावाने खेळत.

क्लब काढणारी मुले किती लहान होती याचे उत्तम उदाहरण म्हणजे हेर्था. लिंडनर बंधू आणि लॉरेन्ट्स बंधू या किशोरवयीन चौघांनी जुलै १८९२ मध्ये हा क्लब काढला. त्यांच्यापैकी एकाने वडिलांबरोबर ज्या आगबोटीतून सफर केली होती तिचे नाव हेर्था. तेच क्लबला मिळाले आणि बोटीच्या धुराड्याचे निळे-पांढरे रंगही आले. ही मुले टेंपलहोफला न जाता शहराच्या उत्तरेकडच्या दुसऱ्या कवायत मैदानावर खेळत.

दोन संघटना, दोन विजेते

क्लब वाढले तसे मैत्रीचे सामने पुरेनात. कोण कोणाशी कधी खेळणार, कोणत्या नियमाने खेळणार, वाद झाला तर निकाल कोण देणार, हे ठरवणारे कोणीतरी हवे होते. ४ नोव्हेंबर १८९० रोजी लॉय्क्सच्या पुढाकाराने ‘जर्मन फुटबॉल खेळाडूंचा संघ’ स्थापन झाला आणि लगेच साखळी सुरू झाली. १८९१ मध्ये गेर्मानिया या साखळीचा विजेता ठरला. सगळे सामने बर्लिनमध्येच झाले, तरी नाव देशाचे असल्याने गेर्मानियाला जर्मनीचा पहिला, अनधिकृत का होईना, विजेता म्हणणारे आजही आहेत.

ही संघटना टिकली नाही. तिचा रोख कट्टर राष्ट्रीय होता आणि परदेशी खेळाडूंना तिच्यात बरोबरीचे स्थान नव्हते. बर्लिनच्या फुटबॉलमध्ये तर इंग्रज सुरुवातीपासून होते. ज्यांच्याकडून खेळ शिकायचा त्यांनाच दाराबाहेर ठेवायचे, हे विक्टोरियासारख्या क्लबांना पटले नाही. १८९१ मध्ये त्यांनी ‘जर्मन फुटबॉल व क्रिकेट संघ’ ही दुसरी संघटना काढली. तिच्या उभारणीत जॉन ब्लॉख यांचा मोठा वाटा होता. ‘श्पील उंड श्पोर्ट’ हे खेळाला वाहिलेले नियतकालिक ते बर्लिनमधून काढत. संघटनेपाशी वेळापत्रक होते, ब्लॉख यांच्यापाशी छापखाना. सामन्यांची घोषणा, निकाल, गुणतक्ता, तक्रारी हे सगळे छापून येऊ लागल्यावर स्पर्धेला सलगता आली. माळावर न गेलेल्या माणसालाही कोण आघाडीवर आहे ते कळू लागले.

या संघटनेचे पहिले विजेतेपद १८९२ मध्ये ‘इंग्लिश एफ.सी.’ या बर्लिनमधल्या इंग्रजांच्याच क्लबने पटकावले. लॉय्क्सची संघटना तोवर मोडीत निघाली होती. पुढची काही वर्षे मात्र विक्टोरियाची. इंग्रजांबरोबर खेळून शिकलेल्या जर्मन पोरांनी त्यांना मागे टाकले. पहिल्या संघटनेने जे बंदीने साधू पाहिले ते दुसरीने दार उघडे ठेवून साधले.

न झालेला अंतिम सामना

१८९४ चा एक प्रसंग त्या काळाची मर्यादा चांगली दाखवतो. बर्लिनचा विजेता विक्टोरिया आणि दक्षिणेकडचा हानाऊ ९३ यांच्यात जर्मनीच्या विजेतेपदाचा सामना व्हायचा होता. हानाऊच्या खेळाडूंना बर्लिनच्या प्रवासाचा खर्च परवडला नाही. ते आले नाहीत आणि विजेतेपद न खेळताच विक्टोरियाकडे गेले. हा सामना अखेर २००७ मध्ये, म्हणजे ११३ वर्षांनी, दोन्ही क्लबांच्या तेव्हाच्या संघांत खेळवण्यात आला आणि तोही विक्टोरियानेच जिंकला.

गंमत बाजूला ठेवली तर यातून एक गोष्ट स्पष्ट होते. खेळाडू स्वतःच्या खिशातून खर्च करत होते तोवर स्पर्धा शहराच्या हद्दीतच शक्य होती. पायी किंवा घोड्याच्या ट्रामने पोहोचता येईल एवढ्या अंतरात दहावीस क्लब असणे हे जर्मनीत थोड्याच ठिकाणी होते, आणि त्यात बर्लिन आघाडीवर होते. म्हणून जर्मनीत साखळी स्पर्धेची घडी प्रथम शहरांत बसली. देशाची स्पर्धा फार मागून आली.

१८९७ : नवी संघटना

फुटबॉल व क्रिकेट संघाचा कारभार जुन्या, मातब्बर क्लबांच्या हाती राहिला. नव्याने निघालेल्या क्लबांना आपला आवाज हवा होता. त्यातून १८९७ मध्ये वर उल्लेखलेला ‘जर्मन चेंडूखेळ क्लबांचा संघ’ जन्मला. शहरात पुन्हा दोन साखळ्या, दोन विजेते. पण या वेळी नव्या संघटनेने बाजी मारली. शतक बदलता बदलता तिच्या साखळीत प्रॉइसन क्लबचे वर्चस्व होते. मग विक्टोरिया आणि ब्रिटानिया यांसारखे बलाढ्य क्लबही तिच्याकडे आले आणि जुनी संघटना नावापुरती उरून संपली.

बर्लिनचा अनुभव या काळात बाहेरही जाऊ लागला होता. बर्लिनच्या व्ही.एफ.बी. पांकोमध्ये खेळलेला फ्रान्ट्स यॉन हा तरुण म्युनिकला गेला आणि तिथे २७ फेब्रुवारी १९०० रोजी त्याच्या पुढाकाराने एक नवा क्लब निघाला. जगभरच्या फुटबॉलवेड्यांना माहीत असलेला बायर्न म्युनिक तो हाच.

इंग्रज पाहुणे आणि लाइपझिगची बैठक

नोव्हेंबर १८९९ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचा संघ जर्मनीत आला. वॉल्टर बेन्झेमान या धडपड्या संघटकाने हा दौरा जुळवून आणला. संघटनांच्या अनेक पुढाऱ्यांचा त्याला विरोध होता. त्यातच बोअर युद्ध पेटल्याने जर्मनीत इंग्रजांविरुद्ध वातावरण तापले होते. तरी सामने झाले. बर्लिनमध्ये लागोपाठ दोन दिवसांत पाहुण्यांनी जर्मन संघाला १३–२ आणि १०–२ असे हरवले. पराभव दणदणीत होता, पण देशाच्या नावाने संघ निवडायचा तर तो निवडण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्यातून ऐरणीवर आला.

दोनच महिन्यांनी, २८ जानेवारी १९०० रोजी, लाइपझिगच्या मारियेनगार्टन या उपाहारगृहात ८६ क्लबांच्या वतीने ३६ प्रतिनिधी जमले आणि जर्मन फुटबॉल संघटना स्थापन झाली. प्रागमधले आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक फर्डिनांड हुएप्पे पहिले अध्यक्ष झाले. बर्लिनच्या संघटनांचे प्रतिनिधी तिथे होते, पण एकमुखाने बोलण्याइतकी एकी त्यांच्यात नव्हती. देशाची राजधानी, सर्वांत जुनी साखळी, भरपूर क्लब, असे सगळे असूनही राष्ट्रीय संघटना बर्लिनबाहेर स्थापन झाली, हे बर्लिनच्या पुढाऱ्यांना विचार करायला लावणारे होते.

१९०२ मध्ये बर्लिनच्या संघटनेने आपल्या नावातला ‘जर्मन’ शब्द काढून ‘बर्लिन’ हा शब्द घेतला. देशाची संघटना आता वेगळी होती आणि शहराने शहराचे काम नीट करावे, हे मान्य झाले. या इतिहासातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय म्हणावा तर तो हाच.

देशाच्या स्पर्धेत बर्लिन

१९०३ मध्ये पहिली अधिकृत राष्ट्रीय स्पर्धा झाली. बर्लिनचा ब्रिटानिया त्यात लाइपझिगकडून हरला आणि लाइपझिगच विजेता ठरला. पुढच्या वर्षी ब्रिटानियाने कार्ल्सरुहेला ६–१ असे लोळवले आणि पुढे अंतिम फेरीही गाठली. पण आपल्याविरुद्धचा सामना तटस्थ मैदानावर न होता बर्लिनमध्येच झाला, अशी तक्रार कार्ल्सरुहेने केली. ती इतकी लांबली की कासेलला व्हायचा अंतिम सामना ऐन वेळी रद्द करावा लागला. १९०४ चा विजेता म्हणून यादीत कोणाचेच नाव नाही. मैदानावरची ताकद आणि कागदावरची व्यवस्था या दोन्ही बरोबरीने चालल्या नाहीत तर काय होते, याचा हा धडा होता.

१९०५ मध्ये युनियन ९२ या क्लबने कार्ल्सरुहेला अंतिम सामन्यात २–० असे हरवून बर्लिनला पहिले अधिकृत राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. विक्टोरिया १९०७ मध्ये अंतिम सामन्यात फ्रायबुर्गकडून हरला. १९०८ मध्ये बर्लिनमध्येच स्टुटगार्टर किकर्सवर ३–१ अशी मात करून विजेता झाला. १९०९ मध्ये तो पुन्हा अंतिम सामना हरला आणि १९११ मध्ये लाइपझिगला ३–१ असे हरवून दुसऱ्यांदा विजेता ठरला. पाच वर्षांत चार अंतिम सामने ही कामगिरी कठीण शहरी साखळीशिवाय शक्य नव्हती. दर रविवारी घरातच तगडा प्रतिस्पर्धी भेटत असल्याने विक्टोरियाला सरावाची वेगळी गरज नव्हती.

माळावरून कुंपणात

या यशामागे मैदानांचा बदल होता. मोकळ्या माळावर प्रेक्षकाकडून पैसा घेता येत नाही, कारण त्याला अडवायला कुंपणच नसते. १९०० नंतर क्लब स्वतःची किंवा भाड्याची बंदिस्त मैदाने शोधू लागले. टेंपलहोफ, मारियेनडोर्फ ही तेव्हा बर्लिनच्या हद्दीबाहेरची गावे. जमीन स्वस्त आणि शहर जवळ. गेर्मानिया, विक्टोरिया, प्रॉइसन यांची मैदाने याच दक्षिण पट्ट्यात होती. उत्तरेत हेर्था १९०४ पासून गेझुंडब्रुनन स्थानकाजवळ शेबेरा नावाच्या खानावळ मालकाच्या मैदानावर खेळू लागला. खेळाला येणारा माणूस बिअरही पिणार, हा मालकाचा हिशेब. तिकिटाचा पैसा आणि ठरलेली जागा, हा क्लबचा.

तिकिटाच्या पैशातून प्रवास परवडू लागला, परदेशी संघांना बोलावता येऊ लागले. २० एप्रिल १९०८ रोजी मारियेनडोर्फला विक्टोरियाच्या मैदानावर जर्मनीचा मायदेशातला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना झाला. इंग्लंडच्या हौशी संघाने तो ५–१ असा जिंकला. १९१० मध्ये हेर्थाने साउथएंड युनायटेड या इंग्लंडच्या व्यावसायिक संघाला ३–१ असे हरवले, आणि इंग्रज गुरूंना हरवता येते हे बर्लिनने पाहिले.

वर्गही बदलू लागला. शाळकरी मुले आणि कारकून यांच्या जोडीला कारखान्यांच्या उपनगरांतून नवे क्लब आले. पूर्वेकडच्या ओबरश्योनेवायडे या औद्योगिक वस्तीत १९०६ मध्ये निघालेला क्लब आज युनियन बर्लिन म्हणून ओळखला जातो. दक्षिणेच्या रिक्सडोर्फमधून टास्मानिया आला.

एक शहर, एक तक्ता

दरम्यान फूट पडण्याची जुनी खोड गेली नव्हती. १९०१ मध्ये ‘मार्क फुटबॉल संघ’ ही प्रतिस्पर्धी संघटना निघाली आणि दशकभर तिने आपली वेगळी साखळी चालवली. शेवटच्या वर्षांत टास्मानिया तिचा प्रमुख क्लब होता. धावपटूंच्या क्लबांची आणखी एक संघटनाही फुटबॉल खेळवत होती. एका शहरातून दोन-दोन विजेते राष्ट्रीय स्पर्धेत उतरू लागले. यात नुकसान सगळ्यांचेच होते. चांगले सामने विभागले जात, प्रेक्षक विभागला जाई, एका संघटनेने शिक्षा केलेला खेळाडू दुसरीकडे आश्रय घेई.

१९११ मध्ये तिन्ही संघटना एकत्र आल्या आणि ‘ब्रांडेनबुर्ग चेंडूखेळ क्लबांचा संघ’ स्थापन झाला. बर्लिन आणि भोवतालचा प्रांत एका वेळापत्रकाखाली आला. पहिल्या साखळीपासून ही एकी साधायला एकवीस वर्षे लागली. महायुद्ध, १९३३ नंतरची सरकारी जबरदस्ती, शहराची फाळणी, अशी पुढची वळणे मोठी आहेत आणि त्यांचा इतिहास स्वतंत्रपणे लिहायला हवा. पण संघटनेचा पाया या एकवीस वर्षांत घातला गेला होता.

या काळाकडे पाहताना नजर सहज विजेत्यांवर जाते. खरे श्रेय मात्र वेळापत्रक आखणाऱ्या, तक्रारी ऐकून निकाल देणाऱ्या, गुणतक्ता छापायला पाठवणाऱ्या माणसांचे आहे. यांतल्या बहुतेकांनी हे काम विनामोबदला, नोकरी सांभाळून, खानावळीच्या टेबलावर बसून केले. इंग्लिश एफ.सी., ब्रिटानिया, युनियन ९२ यांची नावे आता केवळ जुन्या याद्यांत सापडतात. त्यांनी मान्य केलेली व्यवस्था टिकली. टेंपलहोफच्या माळावर पुढे विमानतळ झाला, आणि तो बंद पडल्यावर तो माळ २०१० मध्ये पुन्हा नागरिकांना फिरायला खुला झाला. गेर्मानिया १८८८ आजही बर्लिनच्या खालच्या श्रेणीतल्या साखळीत खेळतो, आणि त्याच्या सामन्यांच्या तारखा ठरवणारी संस्था आपले जन्मवर्ष १८९७ असेच सांगते.